हरभऱ्याची लागवड: झाडाच्या स्वभावापासून साठवणीपर्यंत

हरभऱ्याच्या नुकसानीचा माग काढत गेले, तर बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी जास्त झालेले आढळते. कधी पाणी जास्त झालेले असते, कधी नत्र, कधी पेरणीच्या वेळी जमिनीतली उष्णता. साठलेल्या ओलीवर आणि कोरड्या, थंड हवेत वाढण्यासाठी घडलेले हे झाड इतर पिकांच्या मापाने जोपासले की बिघडते. म्हणून या लेखात पेरणीपूर्वीच्या निर्णयांना, पाण्याला आणि मर, म्हणजे झाड सुकवून मारणारा बुरशीजन्य रोग, ओळखण्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे. बाकीची कामे तुलनेने थोडी आहेत आणि त्यांतली काही न केलेलीच बरी.

झाडाचा स्वभाव

हरभऱ्याचे शास्त्रीय नाव सायसर अरायटिनम. त्याचा रानटी पूर्वज, सायसर रेटिक्युलेटम, आजही आग्नेय तुर्कस्तानच्या डोंगराळ भागात आढळतो आणि हरभरा माणसाने त्याच परिसरात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा, असे हवामान असलेल्या त्या प्रदेशाची खूण झाडाच्या बांध्यावर अजून दिसते. पाने लहान दलांची आणि लवदार असतात. सोटमूळ जमीन मोकळी असेल तर एक मीटरहून अधिक खोल जाते, त्यामुळे वरचा थर सुकल्यावरही झाड खालची ओल ओढत राहते.

देशी आणि काबुली हे याचे दोन मुख्य प्रकार आहेत. देशी हरभऱ्याचे दाणे लहान, कोनदार, जाड सालीचे आणि तपकिरी छटेचे असतात व फुले सहसा जांभळट गुलाबी असतात, तर काबुलीचे दाणे मोठे, फिक्या रंगाचे, पातळ सालीचे आणि फुले पांढरी असतात. लागवड करणाऱ्याच्या दृष्टीने यांतला महत्त्वाचा फरक सालीचा आहे. पातळ सालीचे काबुली बी थंड, ओल्या मातीत लवकर कुजते, म्हणून त्याला पेरणीच्या वेळी जमीन थोडी उबदार लागते आणि बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला बुरशीनाशक वगैरे चोळणे, टाळून चालत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. पहिली म्हणजे, हरभरा फुलावर आला तरी त्याची वाढ थांबत नाही. ओल आणि अन्न मिळत राहिले तर झाड नवी पाने व फांद्या काढत राहते, आणि ओल हळूहळू कमी होत गेली की घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा, भरण्याकडे वळते. दुसरी म्हणजे, फूल पूर्ण उमलण्यापूर्वीच त्यात परागीभवन झालेले असते. त्यामुळे मधमाश्यांवर हे पीक अवलंबून नसते आणि शुद्ध वाणाचे घरचे बी काळजीपूर्वक राखले तर काही वर्षे निर्धास्त वापरता येते.

हवामान आणि पेरणीची तारीख

दिवसा साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून बऱ्यापैकी थंड, आकाश निरभ्र व हवा कोरडी, ही हरभऱ्याला सर्वांत मानवणारी स्थिती. रोपावस्थेत हे झाड बरीच थंडी, अगदी हलके हिमतुषारही, सोसते. फुलोऱ्यात मात्र ते नाजूक होते. दिवस आणि रात्र मिळून सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली राहिले तर फुले येतात पण घाटे न धरताच गळतात. दुसऱ्या टोकाला, फुलोऱ्यात कमाल तापमान ३५ अंशांवर जाऊ लागले की परागकण निकामी होतात, आणि घाटे भरत असताना असे ऊन पडले तर दाणे बारीक राहतात.

पेरणीची तारीख याच दोन मर्यादांमध्ये बसवायची असते. आपल्या भागातल्या मागील काही वर्षांच्या तापमानाच्या नोंदी घ्याव्यात आणि कमाल तापमान नेहमी ३५ अंशांच्या आसपास जाऊ लागते तो आठवडा निश्चित करावा. निवडलेल्या वाणाला पेरणीपासून पक्व होण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस त्या आठवड्यापासून मागे मोजले की पेरणीची शेवटची सुरक्षित तारीख मिळते. नंतर उलट बाजूने पडताळणी करावी, म्हणजे फुले येण्याचा काळ कडाक्याच्या थंडीत तर सापडत नाही ना, हे पाहावे. सापडत असेल तर वाण बदलणे हा तारीख ओढूनताणून बसवण्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

ही पडताळणी निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळी उत्तरे देते. दक्षिण आशियात आणि पूर्व आफ्रिकेत हरभरा पावसाळ्यानंतरच्या ओलीवर पेरतात. भूमध्य सागराच्या भोवतालच्या देशांत तो परंपरेने वसंतात पेरला जातो, कारण हिवाळी पावसात त्याला ॲस्कोकायटा करपा हा पाने आणि खोडांवर डाग पाडणारा रोग गाठतो. कॅनडासारख्या थंड देशात जमीन उबदार होण्याची वाट पाहूनच पेरणी होते, आणि तिथे देशी हरभऱ्यासाठी जमिनीचे तापमान सुमारे ७ अंश व काबुलीसाठी १० अंश असावे असे मानतात. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा असतो. पावसाळा संपताच तापलेल्या, ओल्या जमिनीत घाईने केलेली पेरणी मर आणि मूळकुज यांना आमंत्रण देते, तर फार उशिरा केलेली पेरणी घाटे भरण्याच्या वेळी उन्हात सापडते. या दोहोंत उशीर अधिक महाग पडतो असे माझे मत आहे, कारण रोगासाठी प्रतिकारक वाण आणि बीजप्रक्रिया असे उपाय तरी आहेत. उन्हाला काहीच करता येत नाही.

जमीन

मध्यम ते भारी, भुसभुशीत आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान असावा. आम्ल जमिनीत मुळांवरच्या, हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी नीट तयार होत नाहीत. क्षारांच्या बाबतीत हरभरा फारच हळवा आहे, इतका की ज्या खारवट जमिनीत गहू तग धरतो तिथेही हा उगवून पिवळा पडतो. चोपण किंवा पाणथळ जमिनीत कोणताही वाण आणि कोणतेही खत उपयोगी पडत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

निचऱ्याविषयी शंका असेल तर शेतातल्या सर्वांत खोलगट जागी दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा आणि मुरू द्यावा, मग पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात उभे असेल तर तिथे सपाट पेरणी करू नये. रुंद गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी, अशी रचना करावी. मुळांना हवा कमी पडली की त्यांच्यावरच्या गाठी नत्र धरण्याचे काम थांबवतात, आणि म्हणून पाणी साचलेल्या भागातला हरभरा आधी पिवळा पडतो व नंतर मरतो.

आधीच्या हंगामात तृणधान्य घेतलेले असेल तर उत्तम. हरभऱ्यावर हरभरा घेत राहिल्यास मर रोगाची बुरशी जमिनीत साचत जाते, आणि ही बुरशी यजमान पीक नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. त्यामुळे एक वर्षाचा खंड घेतला की जमीन शुद्ध झाली असे समजू नये. आधीच्या पिकाचा न कुजलेला पालापाचोळाही पेरणीच्या थरात राहू देऊ नये, कारण मानकुज करणारी बुरशी त्यावरच पोसते.

एक खोल नांगरट आणि एकदोन कुळवाच्या पाळ्या एवढी मशागत पुरते. माती पिठासारखी बारीक करण्याचा अट्टहास नको. मध्यम ढेकळांची जमीन हवा खेळती ठेवते आणि हरभऱ्याला ती चालते. शिवाय प्रत्येक जादा पाळीबरोबर जी ओल उडून जाते ती परत मिळत नाही. थोडीशी झाडे कुंडीत लावायची असतील तर कुंडी किमान एक फूट खोल, तळाशी भोके असलेली आणि दिवसातले सहा तास तरी उन्हात राहील अशी असावी.

बियाणे किती आणि कसे तपासावे

वाण निवडताना उत्पादनाच्या आकड्याआधी मर रोगाची प्रतिकारक्षमता आणि पक्व होण्याचा कालावधी पाहावा. ओल मर्यादित असेल तर लवकर येणारा वाण घ्यावा. यंत्राने कापणी करायची असेल तर उंच, सरळ वाढणारा आणि जमिनीपासून वर घाटे धरणारा वाण लागतो.

उगवणशक्ती घरीच तपासता येते. बियाण्याच्या ढिगातून वेगवेगळ्या ठिकाणचे १०० दाणे घेऊन ओल्या गोणपाटात रांगेने ठेवावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावे आणि साधारण आठवड्याने सशक्त कोंब आलेले दाणे मोजावेत. ८५ किंवा अधिक दाणे उगवले तर बी चांगले. त्याहून कमी असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, आणि ७० च्या खाली आकडा गेला तर ते बी पेरूच नये.

बियाण्याचे प्रमाण दाण्याच्या आकारावर ठरते, त्यामुळे कुठेतरी वाचलेला एकच आकडा सगळ्या वाणांना लावू नये. दोन ओळींत ३० सेंटीमीटर आणि दोन झाडांत १० सेंटीमीटर अंतर ठेवले तर चौरस मीटरला सुमारे ३३ झाडे बसतात. या झाडांच्या संख्येला शंभर दाण्यांच्या ग्रॅममधल्या वजनाने गुणावे, पुन्हा दहाने गुणावे आणि उगवणीच्या टक्केवारीने भागावे, म्हणजे हेक्टरी किती किलो बी लागेल ते कळते. शंभर दाणे २० ग्रॅम भरत असतील आणि उगवण ९० टक्के असेल तर उत्तर सुमारे ७३ किलो येते. शंभर दाणे ३५ ग्रॅम भरणाऱ्या काबुलीसाठी हाच हिशेब १२८ किलोंवर जातो. मोठ्या दाण्याच्या, पसरणाऱ्या वाणांत ओळींतले अंतर ४५ सेंटीमीटरपर्यंत वाढवता येते आणि मग बीही त्या मानाने कमी लागते.

बीजप्रक्रिया

या कामात क्रम चुकला तर मेहनत वाया जाते. आधी बुरशीनाशक, लागत असेल तर त्यानंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक, असा क्रम ठेवावा. रासायनिक बुरशीनाशक वापरायचे असेल तर किलोला २ ग्रॅम थायरम व १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे मिश्रण पूर्वापार वापरात आहे. जैविक मार्ग हवा असेल तर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. दोन्ही एकदम वापरू नयेत, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम तिलाही मारते.

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू विशिष्ट जातीचे असतात; भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे संवर्धक इथे काम करत नाही. पाकिटावर हरभऱ्यासाठी असल्याचा उल्लेख आणि वापराची अंतिम तारीख पाहूनच ते घ्यावे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. उन्हात वाळवलेल्या बियाण्यावरचे जिवाणू मरतात. ज्या शेतात हरभरा पूर्वी कधीच घेतलेला नाही तिथे हे संवर्धक न वापरणे म्हणजे पिकाचा नत्राचा मुख्य स्रोतच काढून घेणे होय.

वरच्या थरातली ओल कमी असेल तर बी ८ तास पाण्यात भिजवून, सावलीत वरवर कोरडे करून, मग प्रक्रिया करून पेरावे. यामुळे उगवण लवकर आणि एकसारखी होते. मात्र पूर्ण कोरड्या मातीत असे बी टाकू नये. भिजलेले बी एकदा सुकले की गेले.

पेरणी

वाफसा आलेला आहे का, हे मूठभर माती दाबून पाहावे. गोळा बनला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर पेरणीला योग्य ओल आहे. तो हाताला चिकटत असेल तर थांबावे. बी ५ ते ८ सेंटीमीटर खोल, ओलीच्या थरात पडले पाहिजे. वरची माती सुकलेली असेल तर १० सेंटीमीटरपर्यंत खोल गेले तरी चालते, कारण हरभऱ्याची बीजदले जमिनीखालीच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. याच गुणामुळे कोवळा शेंडा पाखरांनी खुडला तरी झाड जमिनीखालच्या डोळ्यातून पुन्हा फुटू शकते.

पाभरीने किंवा पेरणीयंत्राने पेरताना खत बियाण्याच्या खाली आणि किंचित बाजूला पडेल, अशी व्यवस्था असावी. फेकून पेरणी केल्यास बी असमान खोलीवर पडते आणि पुढे कोळपणीही करता येत नाही, म्हणून ती टाळावी.

खत

माती परीक्षण केलेले नसेल तर हेक्टरी २० ते २५ किलो नत्र, ४० ते ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशची (पोटॅश) कमतरता असल्यास २० ते ३० किलो पालाश, हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. १०० किलो डीएपीमधून (डायअमोनियम फॉस्फेट) १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद मिळते, म्हणजे जवळपास सगळी गरज एकाच खतात भागते; त्याला २० किलो गंधकाची जोड द्यावी. सगळे खत पेरणीबरोबरच द्यावे.

सुरुवातीचे हे थोडे नत्र गाठी कामाला लागेपर्यंतचा काळ निभावून नेण्यापुरतेच असते. पीक हिरवेगार दिसावे म्हणून नंतर युरिया फेकण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने पाने वाढतात, गाठींचे काम मंदावते आणि घाटे येण्याऐवजी शेंडाच वाढत राहतो. अपवाद एकच आहे. कोरडवाहू पिकात ओल कमी झाल्याने मुळांवाटे अन्न मिळेनासे झाले असेल, तर फुलोरा सुरू होताना आणि घाटे भरताना २ टक्के युरियाची किंवा डीएपीची फवारणी उपयोगी पडते.

चुनखडीच्या जमिनीत पाणी दिल्यावर शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर ती नत्राची नव्हे, लोहाची कमतरता असते. जमीन वाफशावर आल्यावर ती बहुधा आपोआप सुधारते. न सुधारल्यास ०.५ टक्के फेरस सल्फेट फवारावे.

पहिले सहा आठवडे

उगवणीला तापमानानुसार आठवडा ते दोन आठवडे लागतात. सुरुवातीला झाड हळू वाढते आणि जमीन उघडी राहते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत तण झपाट्याने वरचढ होते. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवणीपूर्वी, पेंडीमेथालिन हे तणनाशक ओलसर जमिनीवर फवारता येते. मात्र उगवणीनंतर रुंद पानांच्या तणांसाठी सुरक्षित पर्याय फार थोडे आहेत, आणि सोयाबीनमध्ये चालणारे इमॅझेथापायर हरभऱ्याच्या बहुतेक वाणांना इजा करते. म्हणून २० ते २५ दिवसांनी एक कोळपणी आणि ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास एक खुरपणी, हाच भरवशाचा मार्ग आहे. कोळपणीने वर भुसभुशीत मातीचा थर तयार होतो, भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. कोरडवाहू शेतात हा फायदा तण काढण्याइतकाच मोलाचा असतो.

पेरणीनंतर महिन्याभराने चारपाच झाडे फावड्याने मातीच्या गड्ड्यासह काढून मुळे पाण्यात हलकेच धुवावीत. गाठी कापल्यावर आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला तर त्या नत्र धरत आहेत. पांढऱ्या वा हिरवट गाठी निष्क्रिय असतात. गाठीच नसतील आणि झाडे फिकट असतील, तर संवर्धक अपयशी ठरले असे समजून त्या वर्षापुरते थोडे नत्र द्यावे लागते.

शेंडे खुडण्याविषयी मतभेद आहेत. ३० ते ४० दिवसांच्या दरम्यान, फुले येण्यापूर्वी, शेंडा खुडल्यास बाजूच्या फांद्या वाढतात हे खरे आहे, पण याचा लाभ वेळेवर पेरलेल्या आणि ओल मुबलक असलेल्या पिकालाच होतो. उशिरा पेरलेल्या किंवा ओलीला महाग असलेल्या शेतात खुडणी केल्यास फुलोरा आणखी लांबतो, म्हणून तिथे ती करू नये.

पाणी

खोल काळ्या जमिनीत पेरणीच्या वेळी पूर्ण ओल असेल तर हरभरा एकाही पाण्याशिवाय येऊ शकतो. पाण्याची सोय असेल तेव्हा किती आणि कधी द्यावे, हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर झाडाच्या न थांबणाऱ्या वाढीत दडलेले आहे. फांद्या फुटत असताना दिलेले पाणी फुले धरणारी जागा वाढवते. घाटे भरताना दिलेले पाणी दाणा भरते. मधल्या ऐन फुलोऱ्यात दिलेले जड पाणी मात्र झाडाला पुन्हा पानांच्या वाढीकडे वळवते आणि आलेली फुले गळतात.

एकच पाणी देणे शक्य असेल तर ते फुलोरा सुरू होण्याच्या आधी, साधारण ४० ते ४५ दिवसांनी द्यावे. दोन शक्य असतील तर पहिले ३० ते ३५ आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. तिसऱ्या पाण्याची गरज फक्त हलक्या जमिनीत पडते. हे दिवस सुमारे ११० दिवसांत येणाऱ्या वाणांसाठी आहेत. थंड प्रदेशात जिथे पीक पाच महिने उभे असते, तिथे दिवस न मोजता झाडाची अवस्था पाहावी. पाणी तुषार सिंचनाने किंवा लहान सारे पाडून हलके द्यावे, आणि काळ्या जमिनीत मोठ्या भेगा पडण्यापूर्वीच द्यावे, कारण भेगा पडल्यावर दिलेले पाणी त्यांतून खाली जाते व एकाच वेळी प्रमाणाबाहेर मुरते.

पाणी हवे आहे की नाही हे दुपारी झाड पाहून ठरवू नये. भर उन्हात निरोगी हरभराही थोडा मलूल दिसतो. सकाळी पाहावे, आणि १५ ते २० सेंटीमीटर खोल माती उकरून तिचा गोळा बनतो का ते तपासावे. गोळा बनत असेल तर पाणी पुढे ढकलावे.

घाटे अळी

हरभऱ्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल स्रवते. ही आंब पुष्कळ किडींना दूर ठेवते, पण घाटे अळीने, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराने, तिच्याशी जुळवून घेतले आहे. मादी पतंग कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर एकएकटी अंडी घालते. लहान अळ्या पानांचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पानांवर पांढुरके चट्टे दिसतात, आणि नियंत्रणाची सर्वांत चांगली वेळ तीच असते. मोठी अळी घाट्याला गोल भोक पाडून डोके आत व धड बाहेर ठेवून दाणे खाते; एक अळी तिच्या आयुष्यात ३० ते ४० घाटे नासवू शकते.

फुलोऱ्याच्या थोडे आधी हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावावेत. सापळ्यात सलग दोनतीन रात्री ८ ते १० पतंग सापडू लागले की शेतात फिरून निरीक्षण वाढवावे. वेगवेगळ्या ठिकाणी ओळीचा एक मीटर भाग निवडून, झाडे कापडावर हलकेच झटकून अळ्या मोजाव्यात. मीटरला सरासरी एक ते दोन अळ्या आढळल्या तरच फवारणी परवडते. शेतात टी आकाराचे पक्षी थांबे उभारले की साळुंकी, कोतवाल यांसारखे पक्षी अळ्या टिपतात. पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली तर तिची ताटे हेच काम करतात.

अळ्या लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर केलेले पाणी, पुरेसे ठरते. एचएएनपीव्ही हा घाटे अळीला मारणारा विषाणूही लहान अळ्यांवरच प्रभावी असतो आणि तो उन्हात निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारावा. अळ्या मोठ्या झाल्या असतील तरच इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरॅनट्रॅनिलिप्रोल यांसारखे रासायनिक कीटकनाशक, आपल्या देशात हरभऱ्यासाठी नोंदणी असल्याची खात्री करून, वेष्टनावरच्या मात्रेत वापरावे. दुसरी फवारणी करावीच लागली तर कीटकनाशकाचा गट बदलावा, कारण ही अळी प्रतिकारशक्ती फार लवकर मिळवते.

झाड मरते तेव्हा

सुकलेल्या प्रत्येक झाडाला मर झाली असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि त्यामुळे उपाय चुकतात. झाड उपटून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

फ्युजेरियममुळे होणाऱ्या खऱ्या मर रोगात झाडाची पाने आणि देठ खाली लोंबतात, मुळे बाहेरून निरोगी दिसतात, पण खोड आणि मुळाचा वरचा भाग उभा चिरला की आत तपकिरी काळी रेघ दिसते. हा रोग रोप तीन आठवड्यांचे असतानाही येतो आणि घाटे भरताना देखील. त्यावर प्रतिकारक वाण हाच खरा उपाय. उभ्या पिकात बुरशीनाशक ओतून फारसे काही साधत नाही.

कोरड्या मूळकुजीत झाड वाळल्या गवतासारखे पिवळट होऊन वाळते आणि उपटताना सोटमूळ मातीतच तुटते. उपमुळे नाहीशी झालेली असतात व मूळ ठिसूळ बनते. हा रोग ३० अंशांच्या वरचे तापमान आणि कोरडी जमीन यांत, बहुधा फुलोऱ्यानंतर येतो, म्हणून वेळेवर पेरणी आणि ओल टिकवणे हे त्याचे उपाय आहेत. एखादे हलके पाणी खरोखर कामी येते ते इथेच.

मानकुज याच्या उलट स्थितीत येते. जमीन ओली आणि उबदार असताना, पहिल्या सहा आठवड्यांत, रोपाचा जमिनीलगतचा भाग कुजतो व तिथे पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या गाठी दिसतात. इथे पाणी दिल्यास रोग पसरतो. म्हणजेच वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन सुकलेल्या झाडांना परस्परविरुद्ध वागणूक लागते.

पावसाळी, दमट हवेत आणखी दोन रोग संभवतात. ॲस्कोकायटा करप्यात पाने, खोड आणि घाटे यांवर गोल डाग पडतात, डागांत काळ्या ठिपक्यांची वर्तुळे दिसतात आणि खोड डागाच्या जागी मोडते. तो बियाण्यातून पसरतो, त्यामुळे रोगट शेतातले बी राखू नये. दाट वाढलेल्या पिकात फुलांवर करडी बुरशी येऊन ती गळू लागली तर तो बोट्रायटिस असतो. तो आढळल्यास पुढच्या हंगामात ओळींतले अंतर वाढवावे आणि पाणी कमी करावे.

काढणी आणि साठवण

लवकर येणारे देशी वाण उष्ण प्रदेशात ९० ते १२० दिवसांत पक्व होतात. थंड प्रदेशात हा काळ पाच ते सहा महिन्यांपर्यंत लांबतो. बहुतेक पाने पिवळी होऊन गळली, घाटे पिवळट तपकिरी झाले आणि हलवल्यावर आत दाणा वाजू लागला की काढणी करावी. घाटे फार वाळू दिल्यास ते कापताना झडतात, म्हणून विळ्याने कापणी करायची असेल तर सकाळी, दवाचा ओलावा असताना करावी. कापलेले पीक खळ्यावर चारपाच दिवस वाळवून मग मळणी करावी. यंत्राने मळताना ड्रमचा वेग कमी ठेवावा. काबुली दाण्याची पातळ साल जोरात आपटल्यास तडकते, आणि तडकलेले बी पेरणीसाठी निरुपयोगी ठरते.

साठवणीपूर्वी दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणावा. दाताखाली दाणा कट्कन फुटला तर तो पुरेसा वाळला असे समजावे. कडधान्यावरचा भुंगेरा अनेकदा शेतातूनच घाट्यांवर अंडी घालून साठवणीत येतो, त्यामुळे स्वच्छ कोठीत ठेवलेल्या हरभऱ्यातही महिन्या दोन महिन्यांनी भोके दिसू लागतात. धान्य चांगले वाळवून हवाबंद पिशवीत काठोकाठ भरून ठेवल्यास आतला प्राणवायू संपतो आणि कीड वाढत नाही. बियाण्यासाठी राखायचा भाग पीक उभे असतानाच, मर न आढळलेल्या पट्ट्यातून निवडून वेगळा कापावा, वेगळा मळावा आणि पिशवीवर वाणाचे नाव व हंगाम लिहून ठेवावा. ती पिशवी मधूनमधून उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वेळी आत जाणारी हवा भुंगेऱ्यांना जगण्याची संधी देते.